गोडीचे माप बागाईतदाराच्या हाती
हातातील डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर : उपयोग, पद्धत आणि मर्यादा

मराठवाड्याच्या शेतीव्यवस्थेत फळबागा आणि ऊस या दोन पिकांना मोठे महत्त्व आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण तालुका आणि शेजारचा जालना जिल्हा हा मोसंबीचा पट्टा म्हणून ओळखला जातो. पाचोडच्या बाजारात हंगामाच्या दिवसांत मोसंबीने भरलेल्या वाहनांच्या रांगा लागतात. जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. १९७६ साली पैठणजवळील जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले आणि त्यानंतर गोदाकाठच्या गावांत उसाचे क्षेत्र वाढत गेले.

या सर्व पिकांचे मोल शेवटी एकाच गुणावर ठरते. तो गुण म्हणजे गोडी. तथापि व्यवहारात गोडीचा निर्णय बहुधा शेतकऱ्याच्या हाती नसतो. मोसंबीची बाग गुत्त्याने दिली म्हणजे तोड केव्हा करावयाची हे व्यापारी ठरवितो. ऊस कारखान्यास दिला म्हणजे त्यातील साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजली जाते. माल वजनावर विकला जातो, परंतु त्याचा गुण दुसऱ्याच्या जिभेवर किंवा दुसऱ्याच्या यंत्रावर ठरतो. तळहातावर मावणारे डिजिटल रिफ्रॅक्टोमीटर हे उपकरण या स्थितीत काही बदल घडवून आणू शकते. मात्र ते कसे वापरावे आणि ते काय सांगू शकत नाही, या दोन्ही गोष्टींची जाण असेल तरच त्याचा उपयोग आहे. या दृष्टीने या उपकरणाची माहिती येथे देण्यात येत आहे.

उपकरणामागील तत्त्व

पाण्याने भरलेल्या पेल्यात काठी तिरपी ठेवली तर ती पाण्याच्या पृष्ठभागाशी मोडल्यासारखी दिसते. प्रकाशकिरण एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना आपली दिशा बदलतात, त्याचा हा परिणाम होय. यालाच प्रकाशाचे वक्रीभवन किंवा अपवर्तन म्हणतात. त्याचा नियम डच शास्त्रज्ञ स्नेल याने १६२१ च्या सुमारास शोधून काढला.

किरण किती वळेल हे माध्यमाच्या अपवर्तनांकावर अवलंबून असते. २० अंश सेल्सिअस तापमानास शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३० इतका असतो. त्याच तापमानास शेकडा १० भाग साखर असलेल्या द्रावणाचा अपवर्तनांक १.३४७८, शेकडा २० भाग असलेल्या द्रावणाचा १.३६३८ आणि शेकडा ५० भाग असलेल्या द्रावणाचा १.४२०१ इतका असतो. म्हणजे साखर वाढली की अपवर्तनांक ठरावीक प्रमाणात वाढतो. म्हणूनच अपवर्तनांक मोजला असता द्रावणातील साखर कळते.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे याने १८७४ साली या तत्त्वावरील आपल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. साखरेच्या प्रमाणाचे एकक मात्र त्याहून जुने आहे. ते आडोल्फ ब्रिक्स या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर असल्यास त्या द्रावणाचे माप १ अंश ब्रिक्स होय.

जुन्या पद्धतीच्या हातातील उपकरणात काचेच्या लोलकावर रसाचे थेंब टाकून ते उजेडाकडे धरावे लागते. नळीतून पाहिल्यावर प्रकाश व छाया यांची सीमारेषा ज्या आकड्यावर पडते, तो आकडा डोळ्यांनी वाचावा लागतो. डिजिटल उपकरणात हेच काम आतील लहान दिवा आणि प्रकाशसंवेदक करतात. लोलकावरील खोलगट जागेत दोन-तीन थेंब रस टाकून कळ दाबली की काही सेकंदांत आकडा उमटतो. वाचणाऱ्याच्या दृष्टिदोषामुळे होणारी चूक त्यामुळे टळते. बहुतेक डिजिटल उपकरणांत तापमानाची दुरुस्तीही आपोआप होते.

मापन कसे करावे

उपकरण कितीही अचूक असले तरी नमुना चुकीचा घेतला तर आकडाही चुकीचाच येणार. यासाठी पुढील क्रम कटाक्षाने पाळावा.

१. प्रथम लोलक ऊर्ध्वपातित पाण्याने (डिस्टिल्ड वॉटर) धुऊन मऊ कापडाने टिपावा. त्याच पाण्याचे दोन-तीन थेंब टाकून यंत्र शून्यावर आणावे. विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यात क्षार असल्याने ते या कामी वापरू नये.

२. महिन्यातून एकदा तरी यंत्राची परीक्षा घ्यावी. १० ग्रॅम कोरडी साखर ९० ग्रॅम ऊर्ध्वपातित पाण्यात पूर्णपणे विरघळविल्यास यंत्राने १० च्या जवळचा आकडा दाखविला पाहिजे. येथे पाणी मापाने न घेता वजनाने घ्यावे.

३. रस स्वच्छ कापडातून गाळून घ्यावा. गर, कण अथवा फेस राहिल्यास आकडा स्थिर राहत नाही.

४. रस लोलकावर टाकल्यावर अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे रस व लोलक यांचे तापमान सारखे होते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. तापमानाची दुरुस्ती नसलेले उपकरण ३० अंश सेल्सिअसला सुमारे पाऊण अंश ब्रिक्स, तर ४० अंशांना सुमारे दीड अंश ब्रिक्स कमी दाखविते. आपोआप होणारी दुरुस्तीही ठरावीक तापमानापर्यंतच विश्वसनीय असते. ती मर्यादा उपकरणासोबतच्या पत्रकात पाहून घ्यावी.

५. मापन सावलीत करावे. लोलकावर थेट ऊन पडल्यास प्रकाशसंवेदकाच्या कामात अडथळा येऊ शकतो.

६. प्रत्येक नमुन्यानंतर लोलक धुऊन पुसावा. आधीच्या रसाचा एखादा थेंब राहिला तरी पुढचे माप बिघडते.

७. एकाच नमुन्याची तीन मापे घेऊन त्यांची सरासरी वहीत लिहावी. तारीख, गट क्रमांक, झाडाची जागा आणि शेवटच्या पाण्याचा दिवस यांचीही नोंद ठेवावी.

मोसंबीची तोड आणि ब्रिक्स

आंबे बहाराच्या मोसंबीस जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास फुले येतात व ऑगस्टपासून पुढे फळ बाजारात येऊ लागते. हंगामाच्या आरंभी भाव बरा असला की अपक्व फळ तोडण्याचा मोह होतो. येथे एक शास्त्रीय सत्य ध्यानात ठेवले पाहिजे. मोसंबी हे झाडावरच पक्व होणारे फळ आहे. तोडल्यानंतर रंग बदलेल, साल पिवळी होईल, परंतु गोडी वाढणार नाही. हिरवे फळ वायूच्या साहाय्याने पिवळे करता येते, गोड करता येत नाही. ग्राहकाने आंबट फळ एकदा खाल्ले की पुढील काही आठवडे तो मोसंबीकडे वळत नाही. त्याचा तोटा ज्यांनी फळ झाडावर राखले त्या बागाईतदारांनाही सोसावा लागतो.

पक्व मोसंबीच्या रसाचे माप साधारणतः ९ ते १२ अंश ब्रिक्सच्या दरम्यान येते. परंतु एका झाडाच्या एका फळावरून बागेचा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. उन्हाच्या बाजूचे फळ आतल्या छायेतील फळापेक्षा अधिक गोड असते. एकाच फळातही देठाकडील भागापेक्षा खालचा भाग गोड असतो. म्हणून बागेच्या निरनिराळ्या भागांतील झाडे निवडावीत. प्रत्येक झाडाच्या चारही दिशांची आणि आतील बाजूची फळे घ्यावीत. सर्व फळांचा पूर्ण रस काढून तो एकत्र करावा आणि मगच मापन करावे. तोडीच्या अपेक्षित दिवसापूर्वी महिनाभर दर आठवड्यास असे मापन केल्यास गोडी वाढत आहे की थांबली आहे हे स्पष्ट होते. एका आकड्यापेक्षा अशा चार आकड्यांची ओळ अधिक बोलकी असते.

पाण्याचाही येथे विचार करावा लागतो. तोडीच्या तोंडावर भरपूर पाणी दिल्यास रस पातळ होऊन ब्रिक्स उतरतो. उलट पाण्याचा ताण पडलेल्या झाडाचे फळ लहान राहते, पण माप अधिक दाखविते. २०१२-१३ च्या दुष्काळात या पट्ट्यातील अनेक बागा वाळल्या आणि कित्येक बागाईतदारांनी टँकरच्या पाण्यावर झाडे जगविली. अशा वर्षी आलेला मोठा आकडा हे बागेच्या आरोग्याचे लक्षण मानता येत नाही. वहीत पाण्याच्या दिवसाची नोंद ठेवण्याचे कारण हेच आहे.

गोडी आणि आंबटपणा यांचे प्रमाण

जिभेला जाणवणारी गोडी केवळ साखरेवर ठरत नाही. आंबटपणा किती आहे यावरही ती अवलंबून असते. समजा, दोन बागांतील रसाचे माप १० अंशच आले. परंतु पहिल्या रसात आम्लाचे प्रमाण शेकडा ०.५ आणि दुसऱ्यात शेकडा १ आहे. पहिल्याचे गुणोत्तर २० व दुसऱ्याचे १० येईल. यंत्राचा आकडा एकच असूनही पहिला रस गोड लागेल आणि दुसरा आंबट.

आम्लाचे माप माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही काढता येते. १० मिलिलिटर रसात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकून ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ब्यूरेटमधून सोडावे. फिकट गुलाबी रंग टिकला की थांबावे. लागलेल्या मिलिलिटरला ०.०६४ ने गुणले असता सायट्रिक आम्लाचे शेकडा प्रमाण मिळते. ८ मिलिलिटर लागल्यास ते सुमारे ०.५१ येईल. सोडियम हायड्रॉक्साइड दाहक असल्याने हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच व्हावा.

द्राक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारात हेच तत्त्व स्वीकारण्यात आले आहे. खाण्याच्या द्राक्षांसाठी कोडेक्स मानकात किमान १६ अंश ब्रिक्स सांगितले असून, त्याहून कमी ब्रिक्स असलेला माल साखर-आम्लाचे गुणोत्तर पुरेसे असल्यासच ग्राह्य धरला जातो.

आंब्याचा नियम वेगळा

मोसंबीचा नियम आंब्यास लावला तर मोठी चूक होईल. आंबा तोडल्यानंतर पिकतो. झाडावरील तयार पण कठीण आंब्यात पुष्कळसा पिष्टमय पदार्थ असतो आणि अढीत घातल्यावर त्याचे साखरेत रूपांतर होते. म्हणून तोडणीच्या वेळी ७ ते १० अंश दाखविणारा केशर आंबा पिकल्यावर १८ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. कठीण आंब्याचा कमी आकडा पाहून तो निकृष्ट ठरविणे चूक होय. तेथे खांद्याची भरण, देठाजवळचा खोलगटपणा आणि पाण्यात फळ बुडणे ही पारंपरिक लक्षणे यंत्राच्या जोडीने पाहावीत. सीताफळासही हाच विचार लागू आहे.

उसाची पक्वता

उसाच्या बाबतीत हे उपकरण शेतातच उपयोगी पडते. उसाच्या पेऱ्यात टोचणी घालून रसाचे थेंब थेट लोलकावर घेता येतात. ऊस मुळाकडून शेंड्याकडे पक्व होत जातो. म्हणून एकाच उसाच्या खालच्या व वरच्या पेऱ्यांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत. खालचे माप २० व वरचे १४ आल्यास गुणोत्तर ०.७० येते आणि ऊस अपक्व आहे असे समजावे. खालचे २० व वरचे १९ आल्यास गुणोत्तर ०.९५ होते आणि ऊस तोडणीस आला आहे असे मानता येते. गुणोत्तर १ च्या पुढे गेल्यास ऊस अतिपक्व होऊ लागला असे समजावे. बांधाकडील ऊस सोडून फडाच्या आतील १५ ते २० उसांची मापे घेणे इष्ट होय.

याचा आर्थिक संबंध स्पष्ट आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र शासनाने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर निश्चित केला. त्यापुढे उताऱ्यातील प्रत्येक ०.१ टक्का वाढीस ३ रुपये ४६ पैसे अधिक मिळतात. म्हणजे उतारा एका टक्क्याने वाढला तर टनामागे ३४६ रुपयांचा फरक पडतो. मात्र हा उतारा कारखान्याच्या सरासरीवर ठरतो. एखाद्या शेतकऱ्याच्या उसाचा ब्रिक्स अधिक आला म्हणून त्याला एकट्याला जादा दर मिळत नाही. तोडणीचा क्रम पक्वतेनुसार लागला तरच सर्वांचा उतारा सुधारतो. म्हणून एका फडाच्या मापापेक्षा साऱ्या गावाच्या फडांची मापे एकत्र केलेली यादी अधिक उपयुक्त ठरेल. अशी यादी हाती असल्यास तोडणी कार्यक्रमाविषयी कारखान्याशी आधारपूर्वक बोलता येईल.

ब्रिक्स आणि उतारा हे एक नव्हेत, हेही लक्षात घेतले पाहिजे. तोडून पडलेल्या उसातील पाणी उडून जाते आणि ब्रिक्स वाढल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच वेळी दाणेदार होऊ शकणारी साखर विघटन पावून कमी होत असते. शिळ्या उसाचा मोठा आकडा फसवा असतो. खरी साखर मोजण्यासाठी प्रयोगशाळेत पोलरीमीटर वापरावे लागते.

यंत्र काय सांगत नाही

रिफ्रॅक्टोमीटर साखर ओळखत नाही. रसात विरघळलेल्या सर्व पदार्थांचा एकत्रित परिणाम ते मोजते. कागदी लिंबाच्या रसाचे माप ७ ते ८ अंश येऊ शकते, परंतु त्यातील बहुतांश भाग सायट्रिक आम्लाचा असतो. मिठाच्या पाण्यालाही यंत्र ब्रिक्सचा आकडा दाखविते. दूध गढूळ असल्याने त्यातील साखर या रीतीने मोजता येत नाही. भाकरी किंवा भात यांतील पिष्टमय पदार्थही यंत्राच्या कक्षेबाहेर राहतात. म्हणून मधुमेही व्यक्तीने या यंत्राच्या आकड्यावरून आपला आहार ठरवू नये. त्यासाठी वैद्यकीय सल्ला आणि रक्ततपासणी यांना पर्याय नाही.

ज्या पेयात साखरेखेरीज फारसे काही विरघळलेले नसते, तेथे मात्र हे माप वास्तवाच्या जवळ जाते. बाटलीतील गोड पेय ढवळून त्यातील वायू घालविल्यावर माप ११ अंश आले, तर २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २८ ग्रॅम साखर आहे असे समजावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावी आणि शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. प्रौढ व्यक्तीसाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. एका बाटलीतच ही मर्यादा ओलांडली जाते. २०२५ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने संलग्न शाळांना साखरेविषयी माहिती देणारे फलक लावण्याची सूचना केली. ग्रामीण शाळेतील विद्यार्थ्यांनी हा आकडा स्वतः मोजून पाहिला तर तो फलकापेक्षा अधिक काळ स्मरणात राहील. लिंबाचा रस, मिठाचे पाणी, साखरेचे पाणी आणि मोसंबीचा रस यांची मापे शेजारी शेजारी लिहिली, तर यंत्राचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही एकाच तासात शिकविता येतील.

गावपातळीवरील उपयोग

असे उपकरण प्रत्येक बागाईतदाराने विकत घेतलेच पाहिजे असे नाही. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी सोसायटी किंवा गावातील शाळा यांपैकी कोणाकडे तरी एक उपकरण, एक वही आणि ते वापरणारी एक-दोन प्रशिक्षित माणसे असली तरी आरंभास पुरेसे आहे. छत्रपती संभाजीनगर येथील हिमायतबागेतील फळ संशोधन केंद्र, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची विस्तार यंत्रणा आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडून नमुना घेण्याच्या पद्धतीविषयी मार्गदर्शन घेता येईल. पंचायत सदस्यांनी हंगामापूर्वी ग्रामसभेत हा विषय मांडल्यास अपक्व फळ न तोडण्याबाबत गावात एकमत घडून येण्यास मदत होईल.

बाग गुत्त्याने देतानाही या वहीचा उपयोग आहे. फळाने अमुक अंश गाठल्याखेरीज तोड करू नये, अशी अट व्यवहाराच्या आरंभीच लिहून घेता येते. मापन कोणी, केव्हा व किती फळांवर करावयाचे हेही त्यात नमूद करावे, म्हणजे पुढे वादास जागा राहणार नाही. हीच वही दोन-तीन हंगाम जपली तर त्या गावच्या जमिनीत, त्या गावच्या पाण्यावर फळ कोणत्या आठवड्यात पक्व होते याचा गावचा स्वतःचा आधार तयार होतो.

यंत्र भाव ठरवीत नाही आणि पाऊसही पाडीत नाही. परंतु तोडीपूर्वीच आपल्या मालाचा गुण शेतकऱ्यास कळला, तर व्यवहाराच्या वेळी तो केवळ दुसऱ्याच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. लोलकावरील दोन थेंबांच्या या मापाची खरी उपयुक्तता यातच आहे.